झाड नसलेली दोरी

थंडी पडायला लागली, की हौसाबाई घराच्या मागीलदारी टोमॅटोला दोऱ्या बांधायला घेत. दोन टोकांना चिव्याच्या बांबूच्या जाड मेढी, त्यांच्यावर ताणलेली तार आणि तारेवरून एकेका रोपापर्यंत सोडलेली दोरी. दोरी जयगडहून आणलेल्या मासेमारीच्या जुन्या जाळ्याची, उसवून घेतलेली, हिरवी. बुंध्याशी सैल फास, आत दोन बोटं सहज फिरतील एवढा. मग रोप वाढेल तसा शेंडा हलक्या हातानं दोरीभोवती फिरवत वर न्यायचा. हौसाबाईंच्या गाठी इतक्या सारख्या असत, की एक बघितली म्हणजे सगळ्या बघितल्या.

यंदा मात्र एक दोरी वेगळी होती. ती मागच्या दाराच्या चौकटीपासून निघून कमरेएवढ्या उंचीवरून थेट रोपांच्या ओळीपर्यंत गेली होती. तिला एकही झाड नव्हतं.

दगडी गडग्यापलीकडच्या शेजारणीच्या, मालनच्या नजरेतून ते सुटलं नाही. "हौसाबाय, यंदा लयच थाट गो! दारापासून दोरी आणलीस ती? टोमॅटो काय धरून धरून घरात चालत येणार हायत?"

"येतील नायतर काय! तुजे मेले जन्मभर मातीत लोळतायत, त्यांना चालणं काय ठावं?"

मालन खो खो हसली. रोज सकाळी दोघींचं हे असं एकदा तरी होई. मालनकडे गेलेला शब्द दुपारपर्यंत वाडीच्या दुसऱ्या टोकाला पोचतो, हेही हौसाबाई तिला तोंडावर ऐकवत.

हौसाबाईंच्या सुनेला, करुणाला, त्या दोघींचं ऐकत बसायला वेळ नव्हता. बंदराजवळच्या एका मालवाहतुकीच्या ऑफिसात ती कामाला होती. बाळंतपणासाठी घेतलेली रजा आता संपत आली होती. सोमवारी हजर झाली नाही तर तिच्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसणार, हे साहेबांनी गोड शब्दांत पण स्पष्ट सांगितलं होतं. ती खुर्ची करुणाला हवी होती. माहेरी-सासरी, दोन्हीकडे टेबलाशी बसून काम करणारी ती पहिलीच बाई. नवरा, राकेश, मुंबईला. सम्यक नुकता रांगायला लागलेला. त्याला कुणावर सोडायचं हा प्रश्न मात्र तिला पडलाच नव्हता. आई होत्या ना. चार पोरं वाढवलेल्या, माणूसभर उंचीची झाडं दोरीवर उभी करणाऱ्या आई.

शनिवारी सकाळी तिनं बाळाचे कपडे धुतले. पुढच्या अंगणातली दांडी भरून गेली आणि लंगोट उरले. मागीलदारी कोवळं ऊन आलं होतं. तिनं सम्यकला रोपांच्या कडेला गोधडीवर बसवलं आणि वाळत घालायला काही मिळतं का ते बघितलं. दारापासून गेलेली ती दोरी नुसतीच लोंबत होती. तिनं दोन्ही टोकांच्या गाठी सोडल्या, दोरी उन्हात दोन पोफळींना बांधली आणि एकेक लंगोट झटकून घालू लागली.

स्वयंपाकघरातून हौसाबाई बाहेर आल्या. हातात भांडी विसळलेल्या पाण्याची बादली. दारात थांबून त्यांनी डावा हात चौकटीवर ठेवला. हात खाली सरकला, वर गेला, पुन्हा खाली आला. करुणाला वाटलं, चौकटीला वाळवी लागली की काय ते बघतायत. मग हौसाबाईंनी पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. त्या रोपांकडे निघाल्या होत्या, पण चालत होत्या तिरप्या. गोधडीकडे.

"आई, बाळ—"

आवाज ऐकून त्या दचकून वळल्या. पाय रोपात अडकला, मेढ कलंडली आणि तारेसकट अर्धी ओळ त्यांच्याबरोबर खाली आली. बादली सुटून सम्यकच्या बाजूला, वीतभर अंतरावर आपटली. गार पाणी अंगावर उडालं तसा तो रडायला लागला.

करुणानं त्याला कधी उचललं ते तिलाच कळलं नाही. डोकं चाचपलं, पाठ चाचपली. काही झालं नव्हतं. हौसाबाई मोडलेल्या रोपांत बसल्या होत्या. कोपर खरचटलं होतं. आणि तोंड पोफळींकडे करून विचारत होत्या, "लागलं काय गो त्याला? बोल ना! लागलं काय?"

करुणा त्यांच्या दुसऱ्या बाजूला, हाताच्या अंतरावर उभी होती.

मग एकेक गोष्ट तिच्या मनात उभी राहिली. कपात बोट बुडवून ओतलेला चहा. पिवळी पडलेली दोन रोपं; आई तसलं रोप त्याच दिवशी उपटत, यंदा ती ओळीत तशीच उभी होती. बाळाला घेताना आधी त्याचा पाय शोधणारा हात. तिनं ते लाडाचं समजलं होतं.

"मोतीबिंदू असेल, आई. ऑपरेशन होतं त्याचं," ती म्हणाली.

"मोतीबिंदू नाय. गावात डोळे तपासायला आले होते तेवा दाखवलं मी. काचबिंदू. गेलं ते परत येत नाय. उरलंय ते थेंब घालून राखायचं. घालते मी थेंब."

"राकेशला माहीत आहे?"

"कुणाला नाय. तो तुला काम सोडायला लावील." हौसाबाईंनी मोडलेल्या एका रोपाचा शेंडा हातानं शोधला आणि तो उगाचच सरळ केला. "तुजी खुर्ची जायला नको होती. मी घर सगळं पाठ केलंय. ओटी, चूल, न्हाणी. ही बाहेरची वाटच तेवढी जमत नव्हती, म्हणून दोरी."

करुणानं मोकळा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. पण कडेवर पोर होतं, आणि त्याचे ओले केस तिच्या गळ्याला लागत होते.

"मी बाळाला तुमच्यावर टाकून जाऊ शकत नाही, आई," ती म्हणाली. हे इतकं उघडं तिला बोलायचं नव्हतं.

हौसाबाईंनी शेंडा हातातून सोडला. मग म्हणाल्या, "बरोबर हाय तुजं."

"मालनमावशींना विचारू? त्या दिवसभर घरीच असतात."

"मालनला नको! वाडीभर आंधळी करील मना." त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. "माजी झाडं बघायला येतात लोकं. माजी कीव करायला नकोत यायला."

करुणा पायरीवर बसली, बाळाला पदराखाली घेतलं आणि एका हातानं फोन काढून साहेबांचा नंबर शोधू लागली. नंबर सापडला तरी बोट तिथंच थांबलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी फोनवर पडलं. आवाज तिनं केला नव्हता.

तरी हौसाबाईंनी पदर खाली केला. कान देऊन बसल्या. मग जमिनीला हात टेकून उठल्या, भिंत धरून गडग्यापर्यंत गेल्या आणि त्याच्या जांभ्या दगडावर दोन्ही तळवे ठेवून उभ्या राहिल्या.

"मालन! गो मालन!"

"काय गो? आज काय, दोऱ्या संपल्या काय?"

"माजे डोळे गेले, मालन."

पलीकडे झाडू चालला होता, तो थांबला.

"सोमवारपासून सून कामावर जाते," हौसाबाई म्हणाल्या. आवाज चढा होता, जसा बाजारात लावतात तसा. "पोराचं मी सगळं करीन. पण बघणार कोण? तू येऊन बसशील काय?"

मालन झाडू टाकून गडग्याशी आली. "कधीपासून गो?"

"पाऊस सरताना कळलं."

"आणि मी मेली रोज थट्टा करते तुजी."

"कर की. तोंड कुठं गेलंय माजं?"

मालन गडग्याच्या खिंडीतून अलीकडे आली, अनवाणीच. पडलेल्या ओळीकडे तिनं एकदा बघितलं, पण त्यावर काही बोलली नाही. हौसाबाईंचा दंड धरून तिनं त्यांना पायरीवर बसवलं आणि स्वतः खालच्या पायरीवर टेकली. करुणानं बाळ तिच्यापुढे केलं.

"मना नको," मालन म्हणाली. "आजीकडं दे. मी बघायला आलेय."

हौसाबाईंनी हात पुढे केले. पहिल्यांदाच त्यांनी दिसत असल्याचा आव आणला नाही. हात नुसतेच उघडे धरले. करुणानं सम्यकला त्यांच्या मांडीवर ठेवलं. पण आपले हात तिला काढता येईनात.

"सोड गो," मालन हळू आवाजात म्हणाली. "मी बघतेय."