पडदा

जयनगरात मराठी मंडळाचे पुरुषोत्तमकाका कुकरची शिट्टी ऐकली की हातातलं काम टाकून आधी गॅस बंद करतात.

देवनहळ्ळीच्या नव्या लेआउटमध्ये अमृताच्या दारावर नावाची पाटी नाही.

कोरमंगला. मंडळाची वेबसाइट सांभाळणाऱ्या प्रांजलीच्या फोनवर सूचना: ‘एक प्लगइन बंद झालं आहे.’ अपडेट चालू असेल, म्हणत तिने सूचना सरकवून टाकली.

ही कालची गोष्ट.

आज डबा खाता खाता तिने सहज मंडळाची वेबसाइट उघडली. वधू-वर विभाग. मैत्रिणीचा, अमृताचा फोटो, खाली फोन, खाली घराचा पूर्ण पत्ता.

तिने डबा बाजूला सारला.

परक्या माणसाला पत्ते दिसू नयेत म्हणून बसवलेला पडदा म्हणजे ते प्लगइन. तेच बंद. तिने पुरुषोत्तमकाकांना फोन लावला.

“काका, साइटवर काही बंद केलंत?”

“केलं की! काल लाल एरर येत होता. कारखान्यात जन्म गेला आमचा. अलार्म वाजला की मशीन आधी बंद, चौकशी मागाहून. आता बघ, कसं लख्ख!”

“काका, त्यानेच मुलींचे पत्ते झाकले जात होते!”



“मग... कर की चालू. स्वल्प क्लिकचं तर काम.”

तिने चालू केलं. पडदा पडला. मग साइटवर कोण येऊन गेलं त्याची नोंद पाहिली. पुण्याहून कुणीतरी काल रात्रभर एकच पान उघडत होतं. अमृताचं. आणि पुण्यात मकरंद होता, ज्याच्या मारापासून पळून, घटस्फोट घेऊन, अमृता इथे लपली होती.

पुण्याहून विमान. विमानतळापासून देवनहळ्ळी ती केवढीशी दूर! तिने अमृताला फोन लावला.

“अमृता, दाराला कडी आहे ना?”

“आहे. का गं? बाई माझे, आज ऑफिसात काम नाही वाटतं? थांब, बेल वाजतेय. कुरियर असेल.”

“उघडू नकोस! आधी भिंगातून बघ.”

चपलांचा आवाज. मग काहीच नाही. मग बेल, पुन्हा बेल, मग दारावर थाप.

“प्रांजली,” अमृता कुजबुजली, “ह्याला हे घर कुणी सांगितलं?”

प्रांजलीने दुसऱ्या फोनवरून पोलिसांचा नंबर फिरवला. 

नोंदणीच्या दिवशी अमृता पत्ता द्यायला तयार नव्हती. “मंडळ म्हणजे माहेरच” असं म्हणत पुरुषोत्तमकाकांनी तिच्याकडून तो लिहून घेतला होता.