शमे, पीठ गार पाण्यात कालव

मुलुंड पूर्वेला भाड्याने घेतलेल्या घरात, ओट्यावरच्या कपाटाच्या दारामागे संघमित्राला पाककृती सापडल्या. आतल्या पांढऱ्या रंगावर पेन्सिलीने, बारीक अक्षरात, पार खालपर्यंत लिहिलेल्या. 'शमे, कुळथाचं पीठ गार पाण्यात कालव. गरम पाण्यात टाकलंस तर गुठळ्या होतील. आमसुलं दोन, शेवटी. सोबत नुसता भात पुरे.' प्रत्येकीखाली तारीख होती.

संघमित्रा अकोल्याची. कुळथाची पिठी तिने कधी चाखलीही नव्हती. तिने करून पाहिली. सम्यकने, तिच्या नवऱ्याने, दोनदा वाढून घेतली. घाटकोपरच्या ज्या लॅबमध्ये ती नोकरी करायची, तिथे दुसऱ्या दिवशी तिच्या डब्याचा फडशा पडला.

"झकास झालीय गं! कशी केलीस?" लॅबमधल्या अपूर्वाने विचारलं.

तिने दाराचा किस्सा सांगितला; लिहिणारी शमाची आईच असणार, असं दोघींनी धरून टाकलं. मग दर रविवारी एक पदार्थ करून पाहायचा आणि कृती मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकायची, असं सुरूच झालं. सातजणी आपापल्या घरी करायच्या, फोटो पाठवायच्या. "शमाच्या आईने या आठवड्यात काय दिलंय?" असं अपूर्वाच आठवण करून द्यायची.

मध्येमध्ये दारावर नुसतं बोलणंही असायचं. 'भोपळा सालासकट शिजव, सोलत बसू नकोस.' एका ठिकाणी होतं, 'काल केलंस ना? मला वास आला.' ते वाचून सगळ्या हसल्या होत्या. किती माया त्या बाईची!

सिंकखाली गळती लागली तेव्हा चेंबूरहून नंदकुमार आले. घर त्यांच्या काकूचं, राधाबाईंचं. राधाबाई आता देवगडजवळ गावी राहायच्या आणि भाड्याचं नंदकुमार बघायचे.

"शमाताई कुठे असतात हो?" संघमित्राने सहज विचारलं.

"शमा? तुम्हाला कोणी सांगितलं?"

तिने कपाटाचं दार उघडलं. वाचता वाचता नंदकुमारांनी ओट्याला हात टेकला.

"शमा म्हणजे शर्मिष्ठा, काकूची मुलगी. एकोणीस साली गेली. हायवेवर, स्कूटरच्या अपघातात. बंगळुरूला नोकरी लागली होती, चार दिवसांनी निघणार होती. साधा चहा करता यायचा नाही तिला. काकू त्यावरून सारखी ओरडायची."

दारावरची पहिली तारीख वीस सालची होती. शेवटची एकवीसच्या मार्चमधली.

त्यानंतर आठवडाभर संघमित्राने ते कपाट उघडलं नाही. मसाल्याचा डबा टेबलावर आला. 'मला वास आला' हे मनातून जाईना.

"असलं काही नसतं, तुला माहितीय," सम्यक म्हणाला.

"माहितीय रे. पण आपण न विचारता खातोय ना त्या मुलीचं."

तिने नंदकुमारांकडून राधाबाईंचा नंबर घेतला आणि रविवारी सकाळी फोन लावला.

"कोण गो?" म्हातारा आवाज आला.

"मावशी, मी संघमित्रा. मुलुंडच्या तुमच्या घरात राहते. दारामागचं वाचून मी स्वयंपाक करते. माझ्या मैत्रिणीही करतात."



"म्हणजे वाचता कोणतरी," राधाबाई म्हणाल्या. "तिका कायच येय नाय होता गो. थंय वर तिका करून कोण घालतला? म्हणान लिवलंय." मग एकदम विचारलं, "पिठीत गुठळी होता काय?"

"नाही होत आता."

"बरा शिकलंस, शमे."

"मावशी, मी संघमित्रा."

"होय गो. पेन घे. मुगागाठी सांगतंय."

तिने पेन घेतलं. मोड आलेल्या मुगाची सालं काढायची, आळस करायचा नाही. खोबरं बारीक वाटायचं. ग्रुपवर त्या दिवशी सात फोटो आले.

दर रविवारचा फोन ठरून गेला. राधाबाई कधी संघमित्रा म्हणत, बहुतेक वेळा शमा. दोन-तीन रविवार तिने नाव दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. मैत्रिणींना तिने यातलं काही सांगितलं नाही. त्या आवडीने करत होत्या, घरच्यांना घालत होत्या. अपूर्वाची सासू तर म्हणाली, या शमाच्या आईला एकदा भेटायला हवं.

एका रविवारी राधाबाई काही सांगेचनात. विचारलं तर म्हणाल्या, "माका आई म्हणाक विसरलंस काय गो?"

सम्यक समोरच भाजी निवडत होता. संघमित्राने त्याच्याकडे पाठ फिरवली.

"आई, सांगा ना."

"सांगा काय? सांग म्हण."

"सांग, आई."

आणि राधाबाई सांगू लागल्या. किती तांदूळ, किती गूळ, खोबरं कधी घालायचं. आवाज हलका झाला होता, मध्येच त्या हसल्याही. संघमित्राचं अक्षर कागदावर बारीक बारीक होत गेलं.

संध्याकाळी अकोल्याहून आईचा फोन आला, रोजच्यासारखा. तो पूर्ण वाजून थांबेपर्यंत ती त्याच्याकडे बघत बसली.