कोटातलं वाळवण

"आज्ये, ह्या भात उचल. खड्डो मारूचो असा," योगेश म्हणाला. वाळवणाच्या काठाशी तो थबकला होता.

शेवंती जागची हलली नाही. "मार. माज्या भातार व्हाणो घालून कसो येतस तां बघतंय."

ठेकेदाराचा मुकादम असला तरी योगेश सावंतवाडीकडचा. त्याची वहाण पुढे पडेना.

नदीकाठच्या त्या कोटाने बरेच धनी पाहिले होते. आधी भोसल्यांची शिबंदी, मग पाखल्यांची, म्हणजे पोर्तुगिजांची, चौकी. गोवा मुक्तीनंतर तिथे शाळा भरली. शेवंतीचं शिक्षण तिथेच दुसरीत आटोपलं. छप्पर कोसळलं, तशी गावाची गुरं शिरली आणि सुगीत या कोपऱ्यात शेवंतीचं भात. आता तिकीट काढून लोक कोट बघायला येणार होते, आणि याच कोपऱ्यात त्यांच्यासाठी शौचालय.

सून संजना तिला न्यायला आली. घरच्या गच्चीवर एवढं ऊन पडतं, लोक हसतात, असं तिचं रोजचंच म्हणणं. गच्चीवर भात कावळे खातात आणि राखण करणारी मोबाइल बघत बसते, हे शेवंतीचं रोजचं उत्तर.

आज मात्र संजना शेजारी टेकली. "आई, एक विचारतंय. सगळ्यो बायलो भात पायांनी फिरवतत. तुमचे गुडघे दुखतत, तरी तुम्ही बसान हातांनीच फिरवतात. कित्याक?"

शेवंतीने तळवा भातावर टेकवला.

"माजा पयला चेडू हय असा," ती म्हणाली. "नावय ठेवूक गावला नाय."

पुराच्या साली सगळी वाडी कोटात चढली होती. बाळंतीण शेवंतीसुद्धा. बारशाआधीच पोर तापाने गेली. चोहीकडे पाणी, नेणार कुठे? तिच्या नवऱ्याने, सगुणने, याच कोपऱ्यातली माती उकरली. पुढे तो कधी त्याबद्दल बोलला नाही, आणि बोलल्याशिवायच गेला. शेवंतीने पुढच्या सुगीला इथे भात पसरलं. भातावर वहाणा घालून कुणी उभं राहत नाही.

योगेश खाली बघत होता. मग त्याने चुन्याने आखलेली खड्ड्याची रेघ पायाने पुसली.

"हय खडक लागलो म्हणान सांगतंय सायबाक," तो म्हणाला आणि फावडं उचलून तटापलीकडे गेला.



ऊन कललं. भात फिरवायची वेळ झाली. संजनाने वहाणा काढल्या, सवयीने पाय पुढे टाकला आणि मागे घेतला. मग ती सासूच्या समोर खाली बसली आणि दोन्ही तळव्यांनी हळूहळू भात फिरवू लागली.