माहेरचं नाव

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, एका मंगळवारी सकाळी मला फोन आला होता. चिंचवडच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. समोर परत आलेल्या पुस्तकांचा ढीग होता.

"गवरा मुरारी आहेत का? महिला आरोग्य शिबिरातून बोलतेय. त्यांचा रिपोर्ट आलाय."

"राँग नंबर."

"त्या तुमच्या कोणी आहेत का?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज. त्या वेळी मी वाक्यही पूर्ण होऊ दिलं नाही.

यंदा मार्चमध्ये आई गेली. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. कळला तेव्हा फार पसरला होता. गावी, निघोज्याच्या घरासमोर तिला ठेवलं होतं. सगळे शालनकाकी, शालनकाकी म्हणून रडत होते. मामांनी माहेरची साडी तिच्या अंगावर घातली आणि म्हणाले, "गवरे, ऊठ की गं."

आईचं नाव लग्नात बदललं होतं. जुनं नाव मी लहानपणी एक-दोनदा ऐकलं असेल. पण आजोबांचं नाव मुरारी, हे तर मला पक्कं माहीत होतं. मी रडले नाही. लोकांना वाटलं, पोरगी धीराची आहे.

दहाव्यानंतर शेजारच्या रुक्मिणीकाकी मागच्या दारी माझ्याजवळ येऊन बसल्या. आईचं आणि त्यांचं तीस वर्षांचं मैत्र.

"कंपनीनं गावात शिबिर भरवलं हुतं बग. आमी दोघी रांगेत हुतो. तिथली पोरगी म्हनली, ज्या विषाणूनं ह्यो कॅन्सर हुतो, त्यो नवरा-बायकूच्या संबंधातनं पसरतो. मी तर पळालेच. शालन थांबली. तिला अंगावरनं जात हुतं. मीच म्हनलं, मंग खरं नाव तरी सांगू नको."

"आणि नंबर?"

"घरचा मोबाइल तुझ्या भावाकडं, गोरक्षकडं. लेकाला कसं कळू द्यायचं? तिला तुझा नंबर पाठ हुता. म्हनली, योगिनीला सांगून ठिवते."

आईनं तसा प्रयत्न केला होता. "योगे, एक बोलायचं हुतं." मी म्हणाले, "रविवारी येते ना." त्या रविवारी मी गेले नाही.

"पुढं म्हनली, फोन न्हाई आला, म्हंजी काय निघालं न्हाई."

काकींना मी तेव्हा काहीच सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "तुम्ही तपासणी केलीत का?"

"मला काय झालंय? आन् आमचे साहेबराव ट्रकवर हुते. काय निघालं, तर ह्या वयात त्यांची चौकशी करत बसू?"

त्यांना राजी करायला तीन आठवडे गेले. शेवटी पालिकेच्या दवाखान्यात मोनिका सिस्टरांच्या टेबलासमोर आम्ही बसलो. काकींनी पदर तोंडावर धरला होता.

"सिस्टर, हे निघालं म्हंजी बाई वाईट चालीची, असंच ना?"

"काकू, मग निम्म्या पिंपरी-चिंचवडला तसं म्हणावं लागेल. हा विषाणू बहुतेकांना कधी ना कधी गाठतो, बऱ्याचदा आपोआप जातो. काही वेळा वीस वीस वर्षं अंगात गप्प बसून राहतो. कुणाकडून आला ते कळत नाही आणि आम्ही विचारतही नाही. निघाला म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. वेळेत कळलं तर इलाज छोटा असतो."

"दुखतं का?"

"एक बारीक ब्रश असतो. दोन मिनिटं अवघडल्यासारखं होतं. बाळंतपणं किती?"

"पाच."

"पाच! मग मला काय विचारताय?"

काकी पदराआड हसल्या. मी मात्र त्या दोन मिनिटांचा विचार करत होते. तेवढं तर आईनं एकटीनं निभावलं होतं.

"नाव?"

काकींनी माझ्याकडं पाहिलं. "खरं नावच ल्ही. रुक्मिणीबाई साहेबराव येळवंडे. नंबर हिचा. माझा मोबाइल घरात कुनीबी उचलतं. काय असंल ते हिला सांग."

"माझा नको," मी म्हणाले. "काकी, आईच्या रिपोर्टचा फोन आला होता. दोनदा. मी राँग नंबर म्हणाले."

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. काकी उठून जातील असं मला वाटलं.

"तुला तिचं नाव ठावं न्हवतं?"

"आठवलं नाही."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आन् म्या तिला खरं सांगू दिलं न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. मग सिस्टरांकडं वळल्या. "हिचाच ल्ही. आता ही येकबी फोन सोडायची न्हाई."

मी सोडले नाहीत. प्लॉटवाले, विमावाले, सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकलं. बाराव्या दिवशी, पुस्तकांवर शिक्के मारत असताना फोन वाजला.

"रुक्मिणीबाई येळवंडे तुमच्या कोणी आहेत का?"

"हो," मी म्हणाले. "बोला."

रिपोर्ट चांगला होता. पाच वर्षांनी पुन्हा तपासणीला या, असं फोनवरच्या बाई म्हणाल्या. हे काकींना फोनवर सांगावंसं वाटेना. अर्धी रजा टाकून मी निघोज्याला गेले.

काकी दारात मेथी निवडत होत्या. ऐकून त्यांनी हात जोडले, आमच्या बंद दाराकडं पाहिलं, मग डोळे पुसले.

"तुझी तपासणी झाली?"

"नाही अजून."

"कवा?"

"उद्या जाते."

"तिथं माझा नंबर दे. पदरात बांधून ठिवते मोबाइल." त्यांनी मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. "मला तुझं नाव ठावं हाय."