दोन पानांचा पिंपळ

मी एक जुनी दीपमाळ आहे. आहे म्हणते खरी, पण आता कमरेपर्यंतच उरले आहे. माझं वरचं अंग शेजारच्या गवतात पडलं आहे आणि त्यावर दुपारच्या बकऱ्या बसतात. मित्रांनो, पेणहून जोह्याकडे येताना भातखाचरांच्या कडेला एक लहानसं शंकराचं देऊळ लागतं. त्याच्यासमोर काळा दगडी बुंधा दिसेल, तीच मी. गावातली माणसं आता मला 'तो थुटका' म्हणतात. बोलणाऱ्याच्या जिभेला हाड नसतं, आणि मला तर आता डोकंही नाही. तेव्हा मीही तोंड आवरून बोलणार नाही.

मला ज्या पाथरवटांनी घडवलं त्यांची नावं मला पाठ आहेत. पण सांगत नाही, तुम्ही ती उद्याच विसराल. त्यांनी दगड तासले, थरावर थर चढवले, पोटात गोटे भरले आणि सांध्यांत चुना घातला. खाडीतले शिंपले भाजून केलेला तो चुना. पावसाचं पाणी आत गेलंच, तर त्या सांध्यांतून हळूहळू बाहेर येई आणि मी वाळून जाई. दिवे ठेवायला मला चोवीस दगडी हात काढले आणि माथ्यावर एक वाटी. काम संपल्यावर म्हातारा पाथरवट मान वर करून म्हणाला, "हिला पाऊस मारायचा नाय. मारलं तर पाखरू मारील."

लोक हसले. पण म्हातारा खरं बोलला होता. पाखरं पिंपळाची फळं खातात, माझ्या डोक्यावर येऊन बसतात आणि घाण करून उडून जातात. त्या घाणीत बी असतं. पावसात ते सांध्यात रुजतं, आणि एकदा का मूळ आत शिरलं की ते दगडाला विचारत बसत नाही.

म्हणून गावाने एक रीत घातली. नदीकाठच्या कातकरी वाडीतल्या एका घराकडे माझी निगा दिली. पाऊस सरला की त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्या घरातलं माणूस माझ्या दगडी हातांवर पाय देत वर चढे, त्या पावसात उगवलेली सगळी रोपं मुळासकट काढी, मोकळ्या झालेल्या सांध्यात चुना भरी. आणि पौर्णिमेला माथ्यावरच्या वाटीतला पहिला दिवा त्याच घराने लावायचा. मग बाकीच्या गावाने. तो पहिला दिवा हाच त्यांचा मान होता.

त्या घरातली हौसा माझ्या डोळ्यांसमोर म्हातारी झाली. गुडघे गेले तेव्हा तिने सुनेला, आवडीला, वर चढवलं आणि खाली उभी राहून ओरडू लागली. "अगो, नुसतं पान तोडू नको गो! मूळ वढ, मूळ!"

"पिंपळ हाय आत्ये, देवाचं झाड. पाप नाय का लागायचं?" वरून आवडीने विचारलं.

"दोन पानांचा हाय तवर तो कचरा. चार फांद्या आल्या का देव, मग त्याला कोण हात लावायचं नाय. देव व्हायच्या आत काढायचा गो!"

एवढीच माझी विद्या, मित्रांनो. एवढ्यावर मी तीनशे पावसाळे काढले. आवडीचे पाय माझ्या अंगाला माहीत होते. कुठला हात हलतो आणि कुठला पक्का आहे, हे तिच्याएवढं माझ्या देवालाही ठाऊक नसेल.

मग माझं नशीब फिरलं. शत्रूने नव्हे, मायेने.

देवळाची समिती झाली आणि दिनानाथ तिचा अध्यक्ष झाला. भाताची शेती करणारा, देवभोळा, मनाने वाईट नव्हे. त्याला मी काळीकुट्ट दिसू लागले. त्याने जोह्याच्या सुशीलला बोलावलं. सुशील गणपती रंगवतो. त्याने काढलेले डोळे बघितले की मूर्ती आता बोलेल असं वाटतं. गणपती होऊन गेले होते, कारखान्यात रंगाचे डबे आणि प्लास्टरच्या पिशव्या उरल्या होत्या. तो सगळं घेऊन हौसेने आला, स्वतःहून, देवाची सेवा म्हणून. माझे सांधे पाहून म्हणाला, "ह्या चिरा कसल्या? मूर्तीला चीर गेली की आम्ही प्लास्टर भरतो, वर रंग मारतो. बघणाऱ्याला कळतपण नाय."

त्याने माझे सगळे सांधे बुजवले. मग अंगभर तेलरंग दिला, खाली भगवा, वर पिवळा, हातांना सोनेरी. मी नव्या नवरीसारखी चमकले. लोकांनी फोटो काढले. अहो, पण सुशीलच्या मूर्तीला अनंत चतुर्दशीपर्यंत टिकायचं असतं! मला किती टिकायचं होतं, हे कोणी विचारलंच नाही.

त्या वर्षी आवडी कोयता आणि चुन्याचं डबडं घेऊन आली तेव्हा दिनानाथने तिला पायरीवरच अडवलं.

"आवडे, वर जाऊ नको. रंगाला पाय लागतील."

"शेट, माथ्यावर एक रोप हाय. रंगाखाली दबलंय, पन जितं हाय. काढून लगेच उतरते."

"नाय म्हटलं ना! आता पक्कं काम झालंय. दरसालची कटकट संपली."

"आन दिवा?"

दिनानाथ जरा चाचरला. मग म्हणाला, "यंदा लायटिंगची माळ सोडलीय. एक बटण दाबलं की सगळे पेटतात."

आवडीने चुन्याचं डबडं उचललं आणि ती परत फिरली. पौर्णिमेला ती देवळामागे उभी राहिली. बटण दाबलं, टाळ्या पडल्या, आणि ती घरी गेली. मला त्या लायटिंगची शरम वाटली. आजही वाटते.

दुसऱ्या वर्षी रंग फोडून पिंपळ बाहेर आला. लालसर, कोवळा, मोठा देखणा. बायका म्हणाल्या, आपोआप उगवलाय, देवाची लीला आहे! कोणीतरी त्याला दोरा बांधला. आवडी पुन्हा आली. या खेपेला तिने हात जोडले.

"शेट, आता तरी काढू द्या. मूळ पोटात गेलंय. आनखी एक पाऊस झाला तर दीपमाळ ऱ्हायची नाय."

"पिंपळ तोडायचा? माझ्या घरात लहान लेकरं हायत, आवडे. हे पाप मी नाय घेणार."

"पाप माज्यावर येऊ दे."

"जा तू!"

गेली बिचारी. करणार काय? तिची सासू सांगून गेली होती, आणि तसंच झालं. कचऱ्याचा देव झाला होता.

तिसऱ्या पावसाळ्यात माझं पोट फुगलं. मुळाच्या बाजूने पाणी आत येई. पण बाहेर जायच्या वाटा सुशीलने किती सुबक बुजवल्या होत्या! पाणी आतच साचलं, चुना विरघळला. वरून मात्र मी सोनेरीच होते. श्रावणातल्या एका सकाळी, धो धो पावसात, मी बसले. देवळात कोणी नव्हतं. कोणाला खरचटलंही नाही, तेवढं एक पुण्य माझ्या पदरी. पिंपळ तेवढा मातीत पडूनही हिरवागार राहिला.

लोक हळहळले. मग कोणाचं चुकलं ते शोधू लागले. दिनानाथ चावडीवर म्हणाला, "ती आवडी दरसाल चढायची ना, पाय देऊन देऊन तिनंच दगड सैल केले." आणि माना डोलल्या! मित्रांनो, मी दगडाची आहे, पण त्या दिवशी मला तोंड असतं तर मी त्या चावडीवर थुंकले असते.

पाऊस उघडल्यावर पेणहून भूमिका आली. जुन्या वास्तूंची पाहणी करणारी मुलगी. तिने माझे सांधे नखाने खरवडले, मूळ बोटाने मापलं आणि कपाळाला हात लावून दिनानाथला म्हणाली, "काका, हे रोप बोटाएवढं असताना काढलं असतं तरी पुरे होतं. मोडल्यावर बांधण्यापेक्षा दरवर्षी अर्धा दिवस देणं सोपं. इतकी वर्षं हिची निगा कोण राखत होतं?"

आवडी तिथेच होती, चार पावलांवर. राडारोडा उचलायला रोजावर आली होती, डोक्यावर माझ्याच दगडांचं घमेलं. तिने दिनानाथकडे पाहिलं. मीही पाहिलं.

दिनानाथ म्हणाला, "कोण नाय. ती आपोआपच उभी होती."

दोष द्यायला आवडी होती, श्रेय द्यायला कोणी नव्हतं. भूमिकाने वहीत काहीतरी लिहिलं आणि ती एसटी पकडायला गेली.

दुपारी भाकर खाऊन आवडी माझ्या उरलेल्या कमरेला टेकली. तिची नजर सांध्यात गेली. तिथे एक रोप होतं, दोन पानांचं. तिचा हात सवयीने पुढे आला, बोटं देठाला लागली. मग तिने मागे वळून पाहिलं, देवळात माणसं होती. हात मागे घेतला.

"ऱ्हाऊ दे, बाय," ती मला म्हणाली. "पुन्ना माजंच नाव येल."

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादा दरवाजा, एखादी बारव, एखादं तळं उभं असेल. ते आपोआप उभं नाही. कोणीतरी दरसाल वर चढतं आहे म्हणून उभं आहे. ते माणूस शोधा. माझ्यासाठी समिती नको, रंग नको, फोटो तर मुळीच नको. वाडीवर जाऊन आवडीला हाक मारा, आणि आधी तिच्या हातात दिवा द्या. पण जरा लवकर.

रोपाला काल तिसरं पान आलं.