बिनपानाचा काना

पेंटरांनी तिसऱ्यांदा बोट टेकवलं आणि मोबाइलच्या पडद्यावरचा काना तिसऱ्यांदा हळूच वळला. त्याच्या टोकाला हिरवं पान फुटलं, जरासं थरथरलं आणि स्थिर झालं.

"माझंच आहे हे," ते म्हणाले.

"तुमचंच," त्यांची मुलगी म्हणाली. "जुन्या बोर्डांच्या फोटोंवरून एकेक अक्षर उतरवलं. दोन महिने खपले."

चाळीस वर्षं त्यांनी दुकानांचे बोर्ड रंगवले होते. कान्याच्या टोकाला पान, ही त्यांची खूण; अख्ख्या बाजारपेठेत तसं पान काढायची कुणाची बिशाद नव्हती. मग छापील बोर्ड आले आणि ब्रश डब्यात गेले. आता मुलीला डोळ्यांच्या दवाखान्याच्या वेबसाइटचं काम मिळालं होतं, तिचं स्वतःचं असं पहिलंच, आणि तिने त्यावर बापाचं अक्षर आणून बसवलं होतं. सोमवारी वेबसाइट सुरू होणार होती. पेंटरांची छाती फुगली होती आणि ते लपवायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

"आता तपासणीचा नंबर लावून दाखवा," मुलगी म्हणाली. "मी काही सांगणार नाही हं."

पेंटरांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. म्हणजे दवाखान्याला हवा तस्सा पेशंट. त्यांनी बोट वर नेलं, खाली आणलं. जिथे लावावं तिथे पानं फुटत होती. नंबर लावायचं बटण त्या दाटीत कुठे दडलं होतं कोण जाणे. मुलगी ओठ चावत घड्याळाकडे बघत होती.

छान झालंय म्हणावं आणि मोबाइल परत द्यावा, हे अगदी त्यांच्या जिभेवर आलं. इतक्या वर्षांनी आपलं अक्षर पुन्हा चारचौघांसमोर येणार होतं. ते आपणच कसं पुसायचं? त्यांना फार वाईट वाटलं.

त्यांनी मोबाइल टेबलावर उभा केला आणि भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे सरकले. बोर्ड लिहून झाला की ते असेच रस्ता ओलांडून पलीकडे जायचे आणि डोळे बारीक करून वाचायचे.

"काय दिसतंय?" मुलीने विचारलं.

"पानं," ते म्हणाले. "एका औषधाच्या दुकानाचा बोर्ड असाच केला होता मी. लोक थांबून थांबून कौतुक करायचे, आणि त्याच्याच खाली उभं राहून विचारायचे, अहो, औषधाचं दुकान कुठे आहे इथे?"

मुलगी हसली, पण तिचे डोळे भरून आले होते.

"तुमचं अक्षर काढून टाकू मग?"

"पानं काढ. अक्षर मी देतो नवीन."

वाटलं होतं, तासाभराचं काम. पण पान होतं तोवर कान्याचा कललेपणा त्यामागे खपून जायचा. आता केसभर चूकही उघडी पडत होती. कागदामागून कागद टोपलीत गेले. मुलगी जेवायला हाका मारून थकली. तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, 'नंबर लावा' हे दोन शब्द भिंतीपासून नीट वाचता आले तेव्हा कुठे पेंटरांनी ब्रश धुतला.

पुढच्या आठवड्यात ते दुसरा डोळा दाखवायला दवाखान्यात गेले. शेजारच्या खुर्चीत जाड चष्म्याच्या एक बाई पुढच्या खेपेचा नंबर लावत होत्या. त्यांनी मोबाइल नाकाशी धरला, अंगठा टेकवला आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.

पेंटरांना राहवेना. "कसं वाटलं अक्षर?"

"कसलं अक्षर?" बाई म्हणाल्या. "नंबर लागला की."

पेंटर तसेच उठले आणि कोपऱ्यात जाऊन त्यांनी मुलीला फोन लावला.

"अगं, कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाहीये!" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की सगळी खोली वळून त्यांच्याकडे बघायला लागली.