पालीच्या गोठ्यात

जेवता जेवता उझमाने सांगून टाकलं, "मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय."

"गोठ्यातल्या शेणात हात घालायला एवढी शिकलीस?" तिची आई हफीजा कडाडली. "अहो, तुम्ही बोला ना काही!"

करीम ताटातला भात कालवत राहिला. त्याला स्वतःला वडिलांनी काही न विचारता आखातात पाठवलं होतं. तिथून परतल्यावर तो टेम्पोने मासळी पोचवायचा. मुलीला नाही म्हणणं त्याच्याने होणार नव्हतं, पण हो म्हणायलाही जीभ रेटेना. गल्लीतल्या मांजरांवर माया करणं वेगळं आणि हे काम वेगळं.

त्याचा शाळेतला दोस्त सुजय पालीला जनावरांचा डॉक्टर होता. करीमने त्याला फोन लावला. "पोरीला घेऊन येतो. सोपं काही दाखवू नको."

ते पोचले तेव्हा सुजय तुळसाबाईंच्या गोठ्याकडे निघाला होता. म्हैस अडली होती, रेडकू आडवं आलं होतं. उझमाने गरम पाणी आणलं, दोरी धरली, सांगितलं तसं ओढलं. रेडकू बाहेर आलं ते मेलेलंच.

उझमा गोठ्यामागे जाऊन हमसून हमसून रडली. करीम तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"डॉक्टर नाही रडले, अब्बा. मीच रडले."

"रड की. त्यात काय! आता घरी जायचं की परत आत, ते तू ठरव. मला दोन्ही चालेल."

तिने ओढणीने तोंड पुसलं आणि ती आत गेली. सुजय इंजेक्शन देत होता तोवर म्हशीची मान चोळत राहिली. बऱ्याच वेळाने म्हैस धडपडत उभी राहिली, तशी तुळसाबाईंनी उझमाला पोटाशी धरलं.

परतताना हातखंब्याच्या फाट्यापर्यंत ती खिडकीबाहेरच बघत राहिली. करीमला वाटलं, सोडला हिने नाद. मग ती म्हणाली, "उद्या परत येऊ या? तिला ताप येतोय का बघायला हवं."

"मासळी पोचवली की निघू," करीम म्हणाला.

घरी रक्ताने माखलेले कपडे बघून हफीजाने तोंडाचा पट्टा सोडला, आणि तसंच बडबडत अंघोळीचं पाणी काढलं. बादली ठेवताना मात्र तिने हळूच विचारलं, "म्हैस वाचली ना गं?"

त्या पावसाळ्यात उझमाला पशुवैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला. सोडायला करीमबरोबर हफीजाही गेली.